पिवळं कडं

थर्झा ऑर्मरॉड आणि तिचा भाऊ एनॉक एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत आणि एकमेकांशी बोलत नसत. मी त्यांची शेजारीण, त्यामुळे त्यांचा संसार माझ्या तोंडून चालायचा. मी चहाला जाऊन बसले की थर्झा म्हणायची, "ऑलिव्ह, त्याला सांग, कोळसा संपत आलाय." तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असायचा. मी सांगायची, "एनॉक, कोळसा संपत आलाय." तो म्हणायचा, "तिला सांग, ऐकलं मी." दोघंही सत्तरीला टेकलेले. सुरुवातीला मला हसू यायचं, पुढे कंटाळा आला, आणि नंतर नंतर तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटायचं. मी जात नसे त्या दिवशी ते किटलीशी बोलत असणार.

लँकेशायरमधल्या आमच्या हॅगशॉ गावात त्यांचं घर सगळ्यात वरचं. त्याच्या पुढे नुसता माळ आणि मेंढ्या. घरामागे दोन लाकडी खुराडी आणि मधे एक दगडी भिंत. डावीकडचं एनॉकचं, उजवीकडचं थर्झाचं. भिंतीला फाटक होतं, पण त्याला गंज चढला होता. ते शेवटचं कधी उघडलं हे दोघांपैकी कोणी सांगितलं नसतं, आणि मला विचारायची हिंमत नव्हती.

त्यांच्याकडे होत्या बोल्टन बे जातीच्या कोंबड्या. अंगाने हलक्या, निळसर पायांच्या, कानाची पाळी पांढरी शुभ्र. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, सोनेरी असते आणि तिच्या पिसापिसावर आडव्या काळ्या रेघा असतात, बारीक, सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नर मात्र स्वच्छ सोनेरी हवा, अंगावर एक रेघ चालत नाही. जातीची लक्षणं ठरवणाऱ्या स्टँडर्डच्या पुस्तकात तसं छापलेलं आहे आणि प्रदर्शनातले परीक्षक त्या पुस्तकाबाहेर जात नाहीत. आता मेख अशी, की ज्या देखण्या नराला कप मिळतो, त्याच्या पोटी चांगल्या रेघांच्या तलंगा होत नाहीत. त्यांना वेगळा बाप लागतो, आणि तो बाप दिसायला अगदीच गबाळा. पंखावर रेघा, शेपटीत तांबूस धब्बे. प्रदर्शनात ठेवला तर परीक्षक त्याच्या पिंजऱ्यापुढे थांबतसुद्धा नाही. म्हणून जाणती माणसं दोन घराणी ठेवतात, एक कप जिंकणाऱ्या नरांचं आणि एक कप जिंकणाऱ्या तलंगांचं. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही हातची गेली.

त्यांचे वडील जेकब ऑर्मरॉड सूतगिरणीतले विणकर. त्यांनी जाताना नरांचं घराणं एनॉकला दिलं आणि तलंगांचं थर्झाला. म्हाताऱ्याला वाटलं असेल, अशाने दोघं एकमेकांना धरून राहतील.

थर्झासुद्धा गिरणीतच वाढली. मीही. आमच्या मागांचा खडखडाट इतका असायचा की तिथे कोणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही बायका नुसते ओठ हलवून बोलायचो आणि ओठ बघून ऐकायचो. गिरणी बंद पडली, पण ती सवय गेली नाही. थर्झा चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या मागे बसलेल्या माणसांचं कुजबुजणं वाचायची आणि घरी येऊन मला सांगायची. एकदा नेल्सन गावच्या एका विधुराने तिला मागणी घातली होती. माणूस चांगला होता, घर होतं, फक्त म्हणाला की कोंबड्या मात्र इथेच सोडून यायचं. तिने त्याला चहा पाजला, केक दिला आणि दारापर्यंत पोचवलं. पुन्हा त्याचं नावही काढलं नाही.

भांडण झालं ते एका कपावरून. एनॉकचा नर सगळ्या परगण्यात पहिला आला, पेपरवाले फोटो काढायला आले, आणि एनॉक त्यांना म्हणाला, "वडिलांचं वाण मी राखलंय." मी राखलंय. थर्झा तिथेच मागे उभी होती, हातात त्याची टोपी धरून. पेपर आला त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. मला विचाराल तर तिचं बरोबर होतं, आणि ते इतकी वर्षं धरून ठेवणं ही चूकही तिचीच. दोन्ही मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

कारण राखलं होतं ते तिनेच. गबाळ्या बापाला कोण सांभाळणार? कप नाही, फोटो नाही. खोऱ्यात तलंगांचं घराणं राखणारी आणखी दोन माणसं होती. एक वारला आणि पोरांनी सगळं विकून टाकलं. दुसऱ्याचं कोल्ह्याने संपवलं. उरलं ते थर्झाच्या खुराड्यात, आणि तिथेही राखायचे नर म्हणाल तर एक म्हातारा आणि त्याचा एक तरणा मुलगा. बाकीची पिल्लं तिने शरद ऋतूत निवडून काढून टाकली होती, दोन नर तेवढे काढायचे राहिले होते. ती या बाबतीत फार कडक. रेघ जरा वाकडी दिसली की मान मुरगळायची आणि संध्याकाळी कांदा घालून शिजवायची.

जानेवारीत पाण्याची बादली घेऊन खुराड्याकडे जाताना ती बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेत चढवताना तिने माझी बाही धरली. "ऑलिव्ह, पाणी गोठतं. दिवसातून दोनदा बदल." एनॉक बाजूलाच उभा होता. गाडी वळणावरून गेली तशी तो मला म्हणाला, "बहिणीच्या कोंबड्या शेजारणीने बघायच्या? मी काय मेलोय?" आणि त्याने गंजलेल्या फाटकाला खांदा लावला.

मला बरं वाटलं. खरंच सांगते, मला वाटलं की हाड मोडलं ते चांगल्यासाठीच.

शनिवारी वर्षातला पहिला पक्ष्यांचा बाजार होता. नको असलेले कोंबडे त्या दिवशी लोक तिथे नेऊन विकतात, म्हणजे फेब्रुवारीत जोड्या लावायच्या आधी खुराडी मोकळी होतात. पाव पोचवायची माझी व्हॅन घेऊन मी सकाळी गेले, तर एनॉक पिंजरे बांधून तयार. मोठ्या खुशीत होता. वाटेत म्हणाला की तिचंही काम उरकून टाकलं, आल्यावर तिला कोंबड्यांमागे धावावं लागायला नको.

"आणि काय बघितलं सांगू? वाकड्या शेपटीचे दोन नर, आणि पायात लाल कडी. वाकडी शेपटी रक्तात उतरते हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. नजर गेली तिची, ऑलिव्ह."

कोंबड्यांच्या पायांत त्यांच्याकडे प्लास्टिकची रंगीत कडी असायची हे मला माहीत होतं, पण कुठला रंग कशासाठी ते मी कधी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं. वडिलांची पद्धत. लाल म्हणजे ठेवायचे, पिवळे म्हणजे जायचे. तिचे पिवळे दोनच निघाले. ते त्याने आपल्या पिवळ्यांतच घातले आणि सगळे मिळून बाजारात उतरवून दिले. आम्ही लिलावासाठी थांबलो नाही, कारण दुपारी दोनला दवाखान्यात भेटायची वेळ होती.

थर्झा उशीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, पण वेणी नीट घातलेली. एनॉक टोपी हातात फिरवत उभा राहिला. आणि मग तो तिच्याशी बोलला, सरळ तिच्याशी, माझ्याकडे न बघता.

"तुझे पिवळे बाजारात पोचवले. आता आलीस की नुसती बसून राहा."

तिने माझ्याकडे बघितलं. "ऑलिव्ह, त्याला विचार, कुठले पिवळे?"

"म्हातारा आणि तो तरणा," एनॉक म्हणाला. "दोनच तर होते."

तिने चादर मुठीत धरली. शेजारच्या खाटेवरची बाई मोसंबं सोलत होती, ती थांबली. मग थर्झा त्याच्याकडे वळली.

"पिवळे म्हणजे ठेवायचे, एनॉक."

"बाबांचं लाल होतं."

"बाबांचं होतं. मी उलटं केलं. तू करतोस तसं मला काहीच करायचं नव्हतं."

एनॉक तसाच उभा. त्याच्या टोपीचं फिरणं तेवढं थांबलं. थर्झाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वाकड्या शेपट्या दिसल्या नाहीत का तुला? लाल कड्यांच्या?"

"दिसल्या."

"मग?"

त्याने नजर टोपीकडे वळवली. मला ते उत्तर सकाळीच मिळालं होतं, आणि तिलाही ते त्याच्या तोंडाकडे बघून कळलं असावं. तिने मान भिंतीकडे वळवली.

बाजार अजून पुरता उठला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा माणसं रिकामे पिंजरे धूत होती. कचेरीतल्या मुलीने सांगितलं की तो सगळा गठ्ठा ब्लॅकबर्न शहरातल्या मुन्शींनी घेतला, त्यांचं कोंबड्या कापून विकायचं दुकान आहे, आणि शनिवारी ते संध्याकाळपर्यंत उघडं असतं. शनिवार म्हणजे गिऱ्हाईकाचा दिवस. हे ती अगदी आनंदाने म्हणाली.

मी व्हॅन पिटाळली. माळावर धुकं उतरलं होतं आणि बर्फ वितळावा म्हणून टाकतात ते मीठ रस्त्यावर टाकलेलं नव्हतं, तरी पिटाळली. त्यांची अंडी उबवून भागेल का म्हणून मी विचारलं. एनॉकने मान हलवली. नर अजून तलंगांत सोडलेच नव्हते आणि इतक्या थंडीत तलंगा अंडी कुठली देणार. म्हणजे जे काही होतं ते त्या दोन पक्ष्यांत होतं. ते पातेल्यात गेले की जेकब ऑर्मरॉडच्या, त्याच्या बापाच्या आणि आजाच्या तलंगा संपल्या. जिवंत असलेल्या म्हाताऱ्या होऊन मरतील आणि नंतर त्या फक्त जुन्या फोटोंत दिसतील.

अर्ध्या वाटेत एनॉक म्हणाला, "मला दिसलं होतं, ऑलिव्ह. वाकड्या शेपटीला लाल कडं दिसलं तेव्हाच काहीतरी चुकतंय असं मनात आलं."

"मग?"

"मला वाटलं, तिला कळत नाही."

मी ब्रेक दाबला असता, पण वेळ नव्हता. तेव्हा चालवता चालवताच बोलले. म्हटलं, जन्मभर तुझे कप तिने पुसले. तुझ्या नरांना आंघोळ घालताना टबाशी गुडघे टेकून ती बसायची. तुझ्या खुराड्यात एक वाकडी शेपटी दिसली असती तर तू काय म्हणाला असतास, की खुणेत गडबड झाली आहे. तिच्या खुराड्यात दिसली तर तिची नजर गेली. अजून बरंच बोलले. ब्लॅकबर्नचे दिवे दिसू लागले तेव्हा मलाच थोडं वाईट वाटलं. थोडंच.

मुन्शी हे पांढऱ्या कोटातले उंच गृहस्थ. मूळचे भरूचकडचे, पण बोलणं माझ्यापेक्षाही जास्त लँकेशायरचं. दुकानात बायकांची गर्दी होती. मागच्या अंगणात पिंजरे होते आणि कोपऱ्यात पिसं काढायचं यंत्र घरघरत होतं. एनॉकने घाईघाईने काय ते सांगितलं. मुन्शींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात कापलेली पिवळी कडी होती.

"यंत्रात अडकतात, म्हणून आल्या आल्या काढतो," ते म्हणाले. "म्हातारा म्हणताय तो टाचेला एवढाले काटे असलेला ना? तो गेला. एका आजीबाईंना रस्सा करायला जुनाच पक्षी हवा होता."

एनॉकने पिंजऱ्याच्या गजाला धरलं.

मुन्शींनी आम्हाला एका पिंजऱ्याशी नेलं. त्या गठ्ठ्यातले दहा आले होते, चार गेले, सहा राहिले. सहाही तरणे, सहाही सोनेरी, सहांच्याही पंखांत रेघा. मला वाटलं होतं, एनॉक एका नजरेत सांगेल. पण त्याच्या घराण्यातला कुठला नर टाकाऊ ठरतो? ज्याच्या अंगावर रेघ उमटते तोच. म्हणजे त्याचे टाकाऊ आणि तिचा लाखमोलाचा दिसायला सारखेच. तो एकेकाला हातात घेऊन पंख उलगडायचा, दिव्याखाली धरायचा आणि परत ठेवायचा. शेवटी म्हणाला, "मला नाही सांगता येत. मी यांच्याकडे कधी नीट बघितलंच नाही."

"या पक्ष्यात असं आहे तरी काय?" मुन्शींनी विचारलं. चेष्टा नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला वाटलं, आता हा स्टँडर्डचं पुस्तक उघडणार. एनॉक म्हणाला, "माझ्या बहिणीचा आहे."

मुन्शींनी पुढे काही विचारलं नाही. सहाही पक्षी बांधून दिले, त्यांना जेवढे पैसे पडले होते तेवढेच घेतले, आणि व्हॅनपर्यंत पिंजरा स्वतः उचलून आणला. पण त्या सहांत थर्झाचा होता की नाही, की तोही दुपारीच कोणाच्या पिशवीतून गेला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी मी डोकावले तर एनॉक स्वयंपाकघरात थर्झाची रफूची टोपली उपसत बसला होता. प्रत्येक नराच्या पायाला त्याने वेगळ्या रंगाची लोकर बांधली. प्रत्येकाच्या पंखातलं, घडीत लपणारं एक पीस हलकेच काढलं आणि त्यालाही त्याच रंगाची लोकर गुंडाळली. सहा पिसं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं. मी त्याला अंडं तळून दिलं, त्याने तेही नीट खाल्लं नाही.

वॉर्डाच्या दाराशी तो थांबला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "म्हाताऱ्याचं आज सांगायचं नाही. आधी पिसं दाखवू." मी मान हलवली. थर्झाची खाट पार दुसऱ्या टोकाला होती. आम्ही जवळ जाऊन बसतो न बसतो तोच ती म्हणाली, "म्हातारा गेला ना?"

एनॉकचं तोंड उघडंच राहिलं. त्याने गिरणीत कधी काम केलं नव्हतं, तो दगडाच्या खाणीतला. इतकी वर्षं तो टेबलापलीकडे बसून मनाशी जे जे पुटपुटला असेल ते सगळं तिने वाचलं असणार, हे त्याला त्या क्षणी कळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"गेला," तो म्हणाला. "माझ्यामुळे गेला."

थर्झा डोळे मिटून पडली. त्या कोंबड्याला तिने अंड्यातून बाहेर येताना बघितलं होतं. मग तिने चष्मा मागितला. मी जेवणाचं फिरतं टेबल तिच्यापुढे ओढलं. एनॉकने खिशातून पिसं काढून एकाशेजारी एक मांडली. त्याला ती सरळ रेषेत ठेवताच येईनात, तिनेच बोटाने सारखी केली.

पहिलं पीस तिने खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि खाली ठेवलं. "तुझं."

दुसरं. "तुझं."

तिसऱ्यावर क्षणभरही थांबली नाही. चौथं तिने नुसतं बोटाने बाजूला सारलं. एनॉक खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि वॉर्डात काही तितकं गरम नव्हतं. पाचवं पीस तिने हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. मला वाटलं, सापडला. मी एनॉकचा हात धरला.

तेवढ्यात मोठ्या नर्सबाई आल्या. थर्झाने कस्टर्डच्या वाटीवरचं झाकण उचलून पिसांवर ठेवलं आणि हातातलं पाचवं चादरीखाली घातलं. नर्सबाईंनी विचारलं की कस्टर्ड का संपवलं नाही. थर्झा म्हणाली, गार होतंय, गारच आवडतं. नर्सबाईंनी नाडी बघितली, जरा जास्त पडते म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा बघून गेल्या जणू मीच तिला पळायला लावलं होतं. त्यांची पावलं दारापर्यंत गेलेली ऐकू येईतो आम्ही तिघं हललो नाही.

थर्झाने पाचवं पीस परत उजेडात धरलं. "रेघ कडेला पोचायच्या आत वाकते," ती म्हणाली. "तुझं."

एकच राहिलं. त्याला निळी लोकर होती. तिने झाकण उचललं, पण ते पीस लगेच घेतलं नाही. पाणी मागितलं, एक घोट प्यायली. मी मनात म्हटलं, थर्झा, आता यालाही "तुझं" म्हणू नकोस, माझा जीव जाईल. मग तिने ते उचललं, खिडकीकडे धरलं आणि पिसाच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिच्या चेहऱ्यावरची एक शीर हलली नाही.

ती माझ्याकडे वळली आणि नुसते ओठ हलवले, गिरणीत हलवायची तसे. मी वाचलं. "हाच. त्याला जरा थांबू दे."

मला एकाच वेळी हसायला आणि रडायला येत होतं, आणि तिच्या तोंडात मारावीशीही वाटत होती. एनॉक माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे बघत होता. त्याला काहीही कळत नव्हतं. इतकी वर्षं तिचे निरोप मी त्याला सांगितले. हा एक मी दाबून ठेवला.

"निळ्या लोकरीचा कुठे आहे आत्ता?" तिने विचारलं.

"माझ्या चांगल्या खुराड्यात," एनॉक म्हणाला. "एकटा ठेवलाय. बाकीचे पलीकडे."

"एकटा का?"

"मला काही कळतं म्हणून नाही. काल दिव्याखाली पंख उघडला तेव्हा तो ओरडला नाही. बाबांनी धरलेले कधी ओरडायचे नाहीत, तू धरलेले ओरडत नाहीत. माझे ओरडतात. म्हटलं, याला कोणीतरी रोज हातात घेत असेल."

थर्झाने पीस टेबलावर ठेवलं. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते चादरीच्या टोकाने पुसलं, नाकही पुसलं.

"तोच आहे," ती म्हणाली. "कडं घाल त्याला."

एनॉकने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बऱ्याच वेळाने हात काढले आणि विचारलं, "पिवळं ना? मी आणतो पिवळं. मुन्शींकडे डबाभर आहेत."

"लाल घाल."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुझ्याकडे असतील त्यांतलंच घाल," थर्झा म्हणाली. "वाकड्या शेपटीच्या दोघांची काढून टाक आणि त्यांची मान मुरगळ. आणि पाणी गोठतं, ते दिवसातून दोनदा बदल. बदललंस की संध्याकाळी येऊन मला सांग. ऑलिव्हला नको, मला सांग."

मी माझी पिशवी उचलली आणि खाली जाऊन व्हॅनमध्ये बसले.